तंतुकणिकांच्या नावाने विकले जाणारे आयुष्य

दीर्घायुष्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या, चूर्णे आणि पेये यांच्या वेष्टनांवर अलीकडे तंतुकणिकांचा, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांचा, उल्लेख हमखास आढळतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या सूक्ष्म घटकांतून श्वसनाच्या वेळी ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बाहेर पडतात, ते पेशीची हळूहळू हानी करतात, या साचत गेलेल्या हानीलाच आपण म्हातारपण म्हणतो, आणि म्हणून त्या रेणूंना निष्प्रभ करणारे एखादे द्रव्य नियमित घेतले की आयुष्य वाढते, असा तो युक्तिवाद असतो. पुराव्यादाखल बहुधा कुठल्याशा प्रयोगशाळेत कृमींचे आयुष्य वाढल्याचे सांगितले जाते. हा युक्तिवाद समजायला सोपा आहे आणि म्हणूनच तो खपतो. परंतु ज्या कृमीचा हवाला दिला जातो त्याच कृमीवरील चार दशकांच्या संशोधनाने त्याचा पाया काढून घेतला आहे. माझे मत स्पष्ट आहे. केवळ कृमी किंवा उंदीर यांच्यावरील निकालांच्या आधारे माणसाच्या आयुर्मानाविषयी दावा करून काहीही विकण्यास कायद्याने मनाई असावी, आणि वार्धक्याच्या संशोधनासाठी मिळणाऱ्या सार्वजनिक निधीचा मोठा वाटा नवनवी द्रव्ये शोधण्यापेक्षा जुने निकाल पुन्हा तपासण्यावर व मूलभूत प्रश्नांवर खर्च व्हावा.

हा कृमी म्हणजे सी. एलेगन्स, कुजणाऱ्या फळापानांवरील जीवाणू खाऊन जगणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी. १९६० च्या दशकात सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये त्याची अभ्यासासाठी निवड केली. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात ९५९ कायिक पेशी असतात आणि त्यांतल्या प्रत्येक पेशीची वंशावळ ठाऊक आहे. ज्याचा जनुकसंच वाचला गेला असा हा पहिला बहुपेशीय प्राणी. ते काम १९९८ मध्ये झाले. २० अंश सेल्सिअस तापमानाला तो अंड्यापासून तीनेक दिवसांत प्रौढ होतो आणि दोन ते तीन आठवड्यांत त्याचे आयुष्य संपते. जन्मापासून मृत्यूपर्यंतचा सारा प्रवास महिन्याभरात डोळ्यांसमोर उलगडत असल्यामुळे वार्धक्याच्या अभ्यासकांना याहून सोयीचा प्राणी मिळणे कठीण होते.

त्याचे आयुर्मान मोजण्याची पद्धत वरवर पाहता अगदी साधी आहे. तबकडीत अगारचा, म्हणजे शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचा, थर असतो, त्यावर ई. कोलाय जीवाणूंचा पातळ लेप, आणि त्या लेपावर फिरणारे काही डझन कृमी. संशोधक दर एक-दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कृमीला प्लॅटिनमच्या बारीक तारेने हलकेच स्पर्श करतो. जो अजिबात हलत नाही त्याची मृत म्हणून नोंद होते. तबकडीच्या कडेवर चढून वाळून गेलेले, किंवा अंडी पोटातच उबल्यामुळे मेलेले कृमी गणनेतून वगळले जातात. सुरुवातीच्या दिवसांत कृमी शेकडो अंडी घालत असल्यामुळे पिल्लांची सरमिसळ टाळण्यासाठी त्यांना वारंवार नव्या तबकडीत हलवावे लागते, आणि हे कष्ट वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी अन्नात एफयूडीआर नावाचे रसायन मिसळून प्रजननच थांबवले जाते. हा तपशील मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, तंतुकणिकांच्या एका घटकात बिघाड असलेल्या 'गॅस-१' या अल्पायुषी कृमींचे आयुष्य केवळ या रसायनामुळे दुप्पट होत असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. निव्वळ सोयीसाठी वापरलेले रसायनच जर एवढा फरक घडवू शकते, तर आयुष्य वाढल्याच्या कोणत्याही आकड्याकडे किती बारकाईने पाहिले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

आयुर्मान जनुकांच्या हाती असू शकते हे सिद्ध होण्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 'एज-१' या जनुकातील बदलाने कृमींचे सरासरी आयुष्य सुमारे ४० टक्क्यांनी वाढते असे १९८८ मध्ये डेव्हिड फ्रीडमन आणि थॉमस जॉन्सन यांनी दाखवले. १९९३ मध्ये सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डॅफ-२' या जनुकातील बदलाने ते दुप्पट होते असे सिद्ध केले, आणि चार वर्षांनी कळले की हे जनुक म्हणजे इन्शुलिन व तत्सम संप्रेरकांचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राही प्रथिनाचे जनुक आहे. माशीत, उंदरात आणि माणसातही हीच संदेशयंत्रणा आहे. म्हणून कृमीचा अभ्यास माणसाला लागूच नाही असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि माझा मुद्दाही तो नाही.

माझा मुद्दा तंतुकणिकांपाशी सुरू होतो. श्वसनातून निर्माण होणारी मुक्त मूलके, म्हणजे सुरुवातीला सांगितलेले ऑक्सिजनचे आक्रमक रेणू, वार्धक्य घडवतात हा सिद्धान्त डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला आणि १९७२ मध्ये त्यात तंतुकणिकांना मध्यवर्ती स्थान दिले. कृमींवरील आरंभीच्या काही निकालांनी त्याला बळही दिले. 'मेव्ह-१' या जनुकात दोष असलेल्या कृमींच्या तंतुकणिकांत ही मूलके अधिक प्रमाणात तयार होतात, ऑक्सिजनची मात्रा वाढली की ते लवकर दगावतात आणि एरवीही त्यांचे आयुष्य कमी असते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. सिद्धान्त आणि निरीक्षण यांचा असा मेळ बसला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

पण त्याच सुमारास अगदी उलट दिशेचे पुरावे जमू लागले होते. 'क्लॉक-१' या जनुकाच्या मदतीने पेशी युबिक्विनोन, म्हणजे कोएन्झाइम क्यू, तयार करते, आणि हा रेणू तंतुकणिकांतील इलेक्ट्रॉनवहनाच्या साखळीतला, म्हणजे श्वसनातून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनसमूहांच्या (संकुलांच्या) मालिकेतला, आवश्यक दुवा आहे. हे जनुक निकामी झालेले कृमी अल्पायुषी असायला हवे होते; प्रत्यक्षात ते जास्त जगतात. त्याच साखळीच्या तिसऱ्या संकुलातील लोह-गंधक प्रथिनात दोष असलेल्या 'आयएसपी-१' कृमींची श्वसनक्रिया मंदावते आणि त्यांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असे २००१ मध्ये मॉन्ट्रियल येथील सिगफ्रिड हेकिमी यांच्या गटाने दाखवले. पुढल्याच वर्षी आणखी विलक्षण निकाल आला. आरएनए हस्तक्षेपाच्या तंत्राने या साखळीतील जनुके अळीच्या वाढीच्या काळात मंद केली तर आयुष्य वाढते. प्रौढ झाल्यावर मंद केली तर ऊर्जानिर्मिती घटते खरी, पण आयुष्यात फरक पडत नाही. याचा अर्थ असा की कमी श्वसन, कमी मूलके, कमी झीज असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. तसे असते तर प्रौढपणी श्वसन मंदावल्याचाही फायदा व्हायला हवा होता. शरीर वाढीच्या एका ठराविक टप्प्यावर आपल्या तंतुकणिकांची स्थिती जणू अजमावते आणि त्यानुसार पुढच्या आयुष्याची व्यवस्था लावते.

यानंतरच्या प्रयोगांनी मुक्त मूलकांच्या सिद्धान्ताची थेट परीक्षा घेतली, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत निर्णायक काम हेच आहे. सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाला निष्प्रभ करणारी विकरे कृमीत पाच जनुकांवरून तयार होतात. त्यांपैकी तंतुकणिकांत काम करणाऱ्या मुख्य विकराचे जनुक काढून टाकले असता कृमी कमी नव्हे तर अधिक जगले. पुढे, २०१२ मध्ये, पाचही जनुके एकाच वेळी काढून टाकलेले कृमी तयार करण्यात आले. बाहेरून येणाऱ्या ताणापुढे ते दुबळे होते, पण नेहमीच्या स्थितीत त्यांचे आयुष्य सामान्य कृमींएवढेच भरले. पॅराक्वाट हे तणनाशक शरीरात सुपरऑक्साइड वाढवते. त्याच्या अत्यल्प मात्रेने सामान्य कृमींचे आयुष्य वाढल्याचे २०१० मध्ये दोन गटांनी नोंदवले. आणि 'आयएसपी-१'सारख्या दीर्घायुषी कृमींना एन-ॲसिटिल सिस्टिन हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे मूलकांना निष्प्रभ करणारे द्रव्य, दिले तेव्हा त्यांचे जादा आयुष्य नाहीसे झाले. ज्या मूलकांना आयुष्याचा शत्रू ठरवले होते तीच विशिष्ट मात्रेत, विशिष्ट ठिकाणी संरक्षणाचा संदेश देत होती आणि अँटिऑक्सिडंटने तो संदेशच पुसून टाकला होता. एखाद्या सिद्धान्ताला याहून मोठा धक्का क्वचितच बसतो.

हा संदेश नेमका कसा पोहोचतो याचे उत्तर अजून पूर्ण झालेले नाही आणि ते ज्या तऱ्हेने अपुरे आहे ते समजून घेण्यासारखे आहे. तंतुकणिकांतील बहुतेक प्रथिने पेशीकेंद्रातील जनुकांवरून बनतात, तर मोजकी तंतुकणिकांच्या स्वतःच्या छोट्याशा डीएनएवरून. या दोहोंचा मेळ बिघडला किंवा प्रथिनांच्या घड्या चुकू लागल्या की पेशी एक दुरुस्तीचा प्रतिसाद सुरू करते. केवळ चेतापेशींतील तंतुकणिकांना त्रास दिला तरी हा प्रतिसाद दूर आतड्याच्या पेशींत उमटतो आणि आयुष्य वाढते, असे २०११ मध्ये अँड्र्यू डिलिन यांच्या गटाने दाखवले. प्रतिसाद म्हणजेच दीर्घायुष्याची किल्ली, असा निष्कर्ष तेथून काढण्याचा मोह स्वाभाविक होता. तीनच वर्षांत दुसऱ्या गटाने सिद्ध केले की हा प्रतिसाद सुरू होणे आणि आयुष्य वाढणे यांची सांगड कायम बसत नाही. काही वेळा प्रतिसाद जोरात असूनही आयुष्य वाढत नाही. संशोधकांनी हा वाद दडपला नाही, तो छापला आणि तपासला. वेष्टनावरच्या मजकुरात मात्र अशा वादाला जागा नसते.

यापुढचा प्रश्न वाढलेल्या आयुष्याच्या दर्जाचा. 'क्लॉक-१' कृमींचा विकास संथ होतो, ते सावकाश खातात, सावकाश पोहतात आणि त्यांना संतती कमी होते. 'एज-१' कृमी आणि सामान्य कृमी एकत्र ठेवून त्यांना आळीपाळीने उपाशी ठेवले तेव्हा दीर्घायुषी गट काही पिढ्यांत मागे पडला, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. काही दीर्घायुषी वाणांच्या आयुष्यातला दुर्बल अवस्थेचा वाटा सामान्य कृमींपेक्षा मोठा असतो, असे २०१५ च्या एका अभ्यासात आढळले. 'डॅफ-२'च्या बाबतीत तो निष्कर्ष इतरांना मान्य झाला नाही आणि ती चर्चा चालू आहे. ती कशीही संपो, 'आयुष्य दुप्पट' या दोन शब्दांत ती मावणारी नाही, आणि आयुष्य कशाच्या बदल्यात वाढले हे न सांगता केलेला दावा अर्धसत्यच असतो.

कृमीकडून माणसाकडे येताना काय होऊ शकते याचे एकच उदाहरण मला पुरेसे वाटते. 'सर्फ-१' हे जनुक तंतुकणिकांतील चौथे संकुल जुळवण्याच्या कामी येते. ते काढून टाकलेले उंदीर सामान्य उंदरांपेक्षा जास्त जगतात. माणसात याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तर ली सिंड्रोम हा मेंदूचा भीषण आजार होतो आणि अनेकदा बालपणीच मृत्यू ओढवतो. कृमीला दीर्घायुष्य देणाऱ्या 'क्लॉक-१'चे मानवी प्रतिरूप बिघडले तरी मुलांमध्ये गंभीर विकार उद्भवतात. जनुक तेच, साखळी तीच, पण ज्या शरीराचा मेंदू आणि हृदय क्षणभरही ऊर्जेत तूट सहन करू शकत नाही तेथे परिणाम उलटा. असे असताना कृमीच्या तबकडीवरून माणसाच्या ताटात उडी घेण्याची परवानगी कोणालाही का असावी?

उडी घेतल्याचे परिणामही आपण पाहिलेले आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक निघाले. २०१२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ७८ चाचण्यांतील २,९६,७०७ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा अँटिऑक्सिडंट पूरकांमुळे मृत्यूचे प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते वाढत असावे असे दिसले. व्यायामामुळे इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, पण सोबत क आणि ई जीवनसत्त्वे भरपूर मात्रेत घेणाऱ्या तरुणांत ती सुधारणा झाली नाही, असे २००९ च्या एका छोट्या अभ्यासात आढळले. नंतरच्या सर्व अभ्यासांत तसेच आढळले असे नाही, म्हणून त्यावर फार भार टाकणार नाही. पण कृमींत अँटिऑक्सिडंटने संरक्षणाचा संदेश पुसला गेल्याचे जे दिसले होते त्याच्याशी तो निकाल जुळतो, एवढे मात्र खरे.

याउलट असे म्हटले जाते की प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने काय घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे आणि बहुतेक पूरके निरुपद्रवी असतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी वस्तूवर बंदी मागत नाही. मी दाव्यावर बंदी मागतो. बहुतेक देशांत पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाला औषधासारख्या चाचण्यांतून जावे लागत नाही. या सवलतीचा फायदा घ्यायचा आणि वर विज्ञानाची प्रतिष्ठाही वापरायची, हे दोन्ही एकाच वेळी चालू देता कामा नये. निवडीचे स्वातंत्र्य खऱ्या माहितीवर उभे असते. कृमीचे आयुष्य वाढले हे वाक्य खरे असूनही ग्राहकाच्या मनात त्यातून जी समजूत उभी राहते ती खोटी असते, आणि ती उभी राहावी म्हणूनच ते वाक्य तेथे छापलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कृमीत आढळलेले निकाल लगेच वापरात आणले नाहीत तर आज जिवंत असलेले लोक संभाव्य लाभाला मुकतील, असे काही संशोधकही मानतात. त्यांनी मेटफॉर्मिनचे उदाहरण नीट पाहावे. मधुमेहावरचे हे औषध कृमींचे आयुष्य वाढवते, हे अनेकदा दिसले होते. २०१३ मध्ये लंडनमधील एका गटाने दाखवले की हा परिणाम बऱ्याच अंशी कृमीच्या अन्नातील जीवाणूंवर होतो: औषधामुळे जीवाणूंच्या फोलेट आणि मेथिओनिनच्या चयापचयात बदल होतो, कृमीला मिळणारे पोषण बदलते आणि तो जास्त जगतो. जीवाणूंशिवाय वाढवलेल्या कृमींना तेच औषध दिले तेव्हा त्यांचे आयुष्य घटले. मधुमेहींसाठी हे औषध मोलाचे आहेच, पण निरोगी माणसाने दीर्घायुष्यासाठी ते घ्यावे की नाही, हा प्रश्न माणसांवरच्या दीर्घ चाचणीनेच सुटू शकतो. घाई करून तो सुटत नाही, फक्त झाकला जातो.

आता निधीचा प्रश्न. 'सर-२.१' या जनुकाच्या जादा प्रतींमुळे कृमींचे आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढते असे २००१ मध्ये जाहीर झाले. त्या कुळातील प्रथिनांना उत्तेजन देणारी द्रव्ये शोधणारी कंपनी २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषधनिर्मात्या कंपनीने ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. २०११ मध्ये काटेकोर जनुकीय तपासणीनंतर निष्पन्न झाले की त्या कृमींतील आयुर्मानवाढ बव्हंशी दुसऱ्याच, सोबत आलेल्या उत्परिवर्तनामुळे होती. ही तपासणी अवघड नव्हती. वाण पुन्हापुन्हा मूळ वाणाशी संकरित करून पार्श्वभूमी स्वच्छ करायची आणि मग आयुष्य मोजायचे, एवढेच तिचे स्वरूप. पण दुसऱ्याचा निकाल तपासण्यासाठी ना पैसा मिळत होता ना मान, म्हणून त्याला दहा वर्षे लागली.

अशा तपासणीसाठी पैसा दिला तर काय होते, तेही समोर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने २०१३ मध्ये तीन प्रयोगशाळांना एकच काम सोपवले: तीच द्रव्ये, तेच कृमी आणि तीच पद्धत वापरून आयुर्मान मोजणे. सुरुवातीला निकाल जुळेनात. शोध घेता कळले की एक प्रयोगशाळा कृमीचे वय अंडे उबल्यापासून मोजत होती आणि इतर ते अंडे घातल्यापासून. अशा बारीकसारीक गोष्टी एकसारख्या करत करत २०१७ मध्ये जेव्हा निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा निरनिराळ्या वाणांत आणि जातींत विश्वासार्हपणे आयुष्य वाढवणारी द्रव्ये मोजकीच उरली. एका वाणात उपयोगी पडलेले द्रव्य दुसऱ्यात निष्फळ ठरल्याची उदाहरणेही त्यात आहेत. माणसामाणसांतील जनुकीय फरक तर याहून कितीतरी मोठे आहेत. या कार्यक्रमातून एकही विक्रीयोग्य गोळी निघाली नसती तरी त्यावरचा खर्च सार्थकी लागला असे मी म्हणेन, कारण कशावर विसंबू नये हे कळणेही लोकांच्या पैशाचे चीज करते.

म्हणून निधी देणाऱ्या संस्थांनी दोन अटी घालाव्यात असे मला वाटते. आयुर्मानवाढीचा कोणताही निकाल किमान दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत आणि एकाहून अधिक वाणांत आल्याशिवाय त्याच्या आधारे पुढील विकासासाठी सार्वजनिक पैसा मिळू नये, आणि प्रत्येक निकालासोबत तापमान, जीवाणू जिवंत होते की मृत, प्रजननरोधक रसायन वापरले की नाही, संततीची संख्या आणि हालचालींची क्षमता यांची नोंद बंधनकारक असावी.

शिवाय मूळ प्रश्न अजून तसाच उभा आहे. एकाच तबकडीवर, एकाच तापमानात, एकच अन्न खाणारे आणि जनुकीयदृष्ट्या जुळ्या भावंडांसारखे असलेले कृमी एकाच दिवशी मरत नाहीत. काही प्रौढपणाच्या दहाव्या-बाराव्या दिवशी मरतात, तर काही पंचविसाव्या दिवसापर्यंत तग धरतात. हा फरक ना जनुकांचा आहे ना परिस्थितीचा. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की प्रौढपणाच्या तिसऱ्या दिवशी कृमीच्या घशाच्या स्नायूंतील तंतुकणिकांत होणारी क्षणिक लखलख ज्यांच्यात कमी असते ते पुढे अधिक जगतात, म्हणजे आयुष्याचा कल तरुणपणीच तंतुकणिकांत उमटलेला असतो. त्या लखलखीतून नेमके काय मोजले जाते, सुपरऑक्साइड की आम्लतेतील बदल, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि तो कल कशाने ठरतो हे तर कोणालाच सांगता आलेले नाही. हे शोधायला वर्षानुवर्षे तबकड्या मोजणारे हात लागतील, सूक्ष्मदर्शक लागतील आणि तातडीच्या लाभाची अट नसलेला पैसा लागेल, आणि तो पैसा सार्वजनिक तिजोरीतूनच यावा लागेल, कारण या उत्तराला आज तरी कोणी गिऱ्हाईक नाही.